दुसऱ्याच्या तोंडी आपलं दुःख

1946 साली पती ना. मा. संत गेले तेव्हा कवयित्री इंदिरा संत बत्तीस वर्षांच्या होत्या. पदरात लहान मुलं, बेळगावात शिक्षिकेची नोकरी. 'शेला' हा संग्रह आला तो 1951मध्ये, मग 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी'. या कवितांत मृत्यूची बातमी शोधू गेलात तर हाती फारसं लागत नाही. पावसाला धिंगाणा घालू नको म्हणून विनवणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध कवितेत एक बाई आहे. कौलारू घर गळतंय, धारांखाली मांडायला पुरेशी भांडी नाहीत, नेसूचं जुनेर भिजेल म्हणून ती धास्तावली आहे. आणि मग एकदम ती त्याच पावसाला कामाला लावते: वाटेवर निघालेल्या माझ्या सख्याला आडवा जा, त्याला मागे फिरव. सखा कुठे निघाला, हे कविता सांगत नाही. कवयित्रीचं चरित्र तिच्यावर चिकटवायची गरजही नाही. पण आधी तांबे-पातेली मोजायची आणि मगच मनातलं मागायचं, ही रीत मराठीला नवी नव्हती.

ती जात्यावर घडली. पहाटे दळताना सासुरवाशीण माहेर आठवायची, आई आठवायची. ऐकायला समोर माणूस नसे, म्हणून जात्यालाच ईश्वर म्हणून हाक. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुढे गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गळ्यावर बसलेली ओवी प्रत्येकीने आपल्या दुःखापुरती वळवून घेतली होती. सगळ्यांची असल्यामुळेच ती कुणावर शेकत नसे.

संतकवींकडे हीच गोष्ट वेगळ्या वाटेने येते. ज्ञानेश्वरांनी 1296मध्ये आळंदीला समाधी घेतली. नामदेवांच्या नावावरच्या समाधीच्या अभंगांत बांध फोडून रडतात ते निवृत्तिनाथ. 'बांधल्या तळ्याचा फुटलासे पाट' ही ओळ त्यांच्याच शोकाची. नामदेवांनी आपल्या डोळ्यांतलं पाणी ज्ञानेश्वरांच्या थोरल्या भावाच्या डोळ्यांत घातलं, असं मला वाटतं.

तुकोबा मात्र आडोसा घेत नाहीत. 1630च्या सुमाराच्या दुष्काळाबद्दल ते लिहितात: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' बायकोच्या मरणाला अर्धी ओळ, आणि लगेच लाज वाटल्याचं, धंदा बुडाल्याचं. 'स्त्री एकी', नावसुद्धा नाही. ही कोरडी नोंद पुष्कळ विलापांपेक्षा जास्त बोचते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोविंदाग्रजांनी 'राजहंस माझा निजला' लिहिली, तीही मूल गेलंय हे मानायलाच तयार नसलेल्या आईच्या तोंडी.

बहिणाबाई चौधरींच्या तिशीत नवरा गेला. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना गाणी सुचत आणि घरातलं कुणी ती टिपून ठेवी. 1951मध्ये त्या वारल्या आणि पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. वैधव्याबद्दल त्या म्हणतात: 'लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली, पुशीसनी गेलं कुंकू रेखा उघडी पडली.' कुंकू पुसण्याचा रिवाज त्यांनी कपाळावरच वाचला. कुंकू असताना नशिबाची रेघ झाकलेली होती, एवढंच. यात तक्रार आहे की नुसती पाहणी, हे सांगणं कठीण; म्हणूनच ही ओळ जुनी होत नाही.

सत्तरच्या दशकात दलित कवितेने सूर पालटला. दया पवारांच्या 'कोंडवाडा'मध्ये (1974) आठवण ही सलणारी जखम आहे. ती नुसती एकट्याची नाही, अख्ख्या वस्तीची आहे, आणि तिला माहेरासारखा गोडवाही नाही. इथे तरी 'मी' उघडपणे बोलेल असं वाटतं. पण चारच वर्षांनी त्याच कवीने 'बलुतं' हे आत्मकथन लिहिलं तेव्हा गोष्ट सांगायला बसला तो दगडू मारुती पवार, आणि ती ऐकत होते दया पवार. दोघांचा जन्म एकच.