गोव्यात हरमलला सर्फिंग शिकायला येताय? आधी हे वाचा

वर्ग इतक्या सकाळी का, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जातो. हिवाळ्यात रात्रभर आणि सकाळीही जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो येणाऱ्या लाटेच्या तोंडावर बसतो, त्यामुळे लाट गुळगुळीत राहते आणि शिकणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. दुपारी वारा फिरतो, समुद्रावरून यायला लागतो आणि पाणी खवळल्यासारखं होतं. भरतीची वेळही रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून वर्ग कधी सातला, कधी साडेआठला. नक्की वेळ आदल्या संध्याकाळी कळवतो.

सुरुवात वाळूवरच होते. बोर्ड आठ-नऊ फुटी, वरून मऊ फोमचा. त्यावर पालथं झोपायचं, तळवे बरगड्यांजवळ टेकवायचे आणि एका झटक्यात दोन्ही पायांवर यायचं. गुडघा टेकून उठायची सवय लागली की ती मोडता मोडत नाही, म्हणून याबाबतीत आम्ही हट्टी आहोत. पाण्यात नजर पायांकडे गेली की तोल गेलाच समजा. समोरच्या एखाद्या माडाकडे बघा.

पहिल्या दिवशी आपण कमरेइतक्या पाण्यातच राहतो. तळाला वाळू आहे. तरी पडताना सूर मारू नका, मानेला दुखापत होते. अंग पसरून सपाट पडा आणि वर येताना हात डोक्यावर धरा. बोर्ड कधीही लाट आणि तुमच्या मध्ये आडवा ठेवू नका, लाट तो थेट अंगावर आणते. पाण्याची ओढ आत नेऊ लागली तर बोर्ड सोडायचा नाही. त्यावर झोपून किनाऱ्याला समांतर वल्हवा आणि हात वर करा, आम्ही जवळच असतो. पोहता येत नसेल तर नोंदणी करतानाच सांगा, लाजू नका.

लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहणाऱ्यांची. तिथे बोर्ड न्यायचा नाही. जीवरक्षकांनी लाल झेंडा लावला की वर्ग रद्द, पैसे पूर्ण परत. जून ते सप्टेंबर आम्ही वर्ग घेतच नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

सकाळी रापण, म्हणजे मच्छीमारांचं किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मोठं जाळं, ओढणं चालू असेल तर थांबायचं, दोरापासून लांब राहायचं. हा किनारा आधी त्या लोकांच्या पोटापाण्याचा आहे.

संध्याकाळी हरमलचा किनारा गजबजतो: सूर्यास्ताला ढोल वाजतात, वाळूवर छोटा बाजार भरतो. जरूर थांबा. पण नोव्हेंबर ते मार्च रात्री मोरजी-मांद्र्याकडे फिरायला गेलात तर टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि उजेडाने बिचकून परत फिरतात.

येताना अंगाला घट्ट बसणारे कपडे, पाण्यात न धुतलं जाणारं सनस्क्रीन आणि पाण्याची बाटली आणा. दागिने खोलीवरच ठेवा. पोटभर खाऊन येऊ नका. वर्गानंतर गरम पाव-भाजी आमच्याकडून.