गुलाम बाळगणाऱ्या मुंग्या

दुसऱ्या जातीच्या मुंग्यांचे कोश पळवून आणून, त्यांतून बाहेर पडणाऱ्या कामकरी मुंग्यांच्या श्रमावर जगणाऱ्या परजीवी मुंग्या. या वर्तनाला ‘डुलोसिस’ म्हणतात. अशा मुंग्या प्रामुख्याने उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण प्रदेशांत आढळतात.

युरोपातील पॉलिएर्गस रूफेसेन्स ही यांतली सर्वांत परिचित जाती. ग्रीकमध्ये ‘पॉलिएर्गस’ म्हणजे पुष्कळ काम करणारा. एवढे विसंगत नाव क्वचितच कुणाला मिळाले असेल. तिचे जबडे कोयत्यासारखे वाकडे व टोकदार असतात. शत्रूचे डोके फोडायला ते उत्तम, पण माती उकरायला किंवा अळ्यांना भरवायला निरुपयोगी. ती स्वतःहून नीट खाऊही शकत नाही. जिनिव्हाचे निरीक्षक पिएर ह्यूबर यांनी अशा ३० मुंग्या अळ्या, कोश आणि मध यांच्यासह कोंडून ठेवल्या. समोर मध असूनही दोन दिवसांच्या आत निम्म्याहून अधिक मेल्या. मग त्यांनी फॉर्मिका फुस्का या गुलाम म्हणून राबणाऱ्या जातीची एकच मुंगी आत सोडली. तिने उरलेल्यांना भरवले, अळ्या सांभाळल्या आणि मातीत खोल्याही कोरल्या. ह्यूबर यांनी हे १८१०मध्ये प्रसिद्ध केले. पुढे डार्विन यांनी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये (१८५९) सहजप्रेरणेच्या चर्चेत त्याचा आधार घेतला.

धाडी उन्हाळ्यात, बहुधा दुपारनंतर पडतात. टेहळणी करणारी मुंगी फॉर्मिका गटातील एखाद्या जातीचे वारूळ हेरते आणि शेकडो मुंग्यांची रांग तिकडे निघते. आणलेल्या कोशांपैकी काही खाल्ले जातात. बाकीच्यांतून निघालेल्या मुंग्या भोवतीचा वास आपलाच मानतात, कारण मुंगीला आपले-परके कळते ते अंगावरच्या रासायनिक गंधावरून. त्यांना धाक दाखवावा लागत नाही. म्हणूनच ‘गुलाम’ हा माणसांच्या इतिहासातला शब्द येथे वापरण्यास काही संशोधकांचा आक्षेप आहे.

नव्या राणीची रीत आयत्या बिळावर नागोबाची. ती एकटीच फॉर्मिकांच्या वारुळात शिरते, तिथल्या राणीला चावून ठार करते आणि चावता-चाटता तिचा गंध अंगाला लावून घेते. तो लागला की कामकरी मुंग्या तिचीच सेवा करू लागतात. कोकिळा निदान पिल्ले वाढवण्यापुरतीच कावळ्याकडे जाते; इथे अख्खा संसारच दुसऱ्याच्या जिवावर.

पण यजमान मुंग्या नेहमीच मुकाट राबतात असे नाही. अमेरिकेतील टेम्नोथोरॅक्स अमेरिकॅनस ही जाती इतकी लहान, की तिची वसाहत ओकच्या एका पोकळ फळात मावते. तिच्याकडच्या गुलाम मुंग्या अळ्यांना नीट वाढवतात, कोश झाले की मात्र त्यांतले बरेच फाडून टाकतात. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे सुमारे दोन तृतीयांश कोश मारले गेल्याचे दिसले. या गुलाम मुंग्यांना स्वतःची संतती नसते, त्यामुळे त्यांचा यात थेट लाभ नाही. मात्र धाडी घालणाऱ्यांची संख्या घटली की शेजारच्या, कदाचित त्यांच्याच बहिणींच्या, वसाहती वाचतात.