युजर शेड्युलिंग (अपुऱ्या चॅनेल-माहितीवरचं)

बेस स्टेशनने (मोबाइल टॉवरने) कुठल्या क्षणी कुठल्या युजरला डेटा पाठवायचा हे ठरवायची पद्धत. एलटीईमध्ये (४जी मोबाइल नेटवर्कमध्ये) हा निर्णय दर १ मिलिसेकंदाला घेतला जातो.

याची सुरुवात बहुतेक जण नॉप आणि हुंब्ले यांच्या १९९५ च्या पेपरपासून धरतात, ज्यात एका वेळी सगळ्यात चांगलं चॅनेल (टॉवर आणि फोनमधला रेडिओ मार्ग) असलेल्या एकालाच पाठवू दिलं की एकूण क्षमता सर्वात जास्त मिळते असं दाखवलंय, पण त्यात चॅनेल अचूक माहीत आहे असं धरलंय आणि लांबचा युजर उपाशी राहतो त्याचं काय, हे बाजूलाच राहतं. न्याय्य वाटपासाठी जो प्रपोर्शनल फेअर नियम (सगळ्यांच्या सरासरी रेटच्या, म्हणजे डेटाच्या वेगाच्या, लॉगची बेरीज जास्तीत जास्त करणारा) वापरतात त्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही जण तो गणितज्ञ जॉन नॅशच्या १९५० च्या बार्गेनिंग (वाटाघाटींच्या) सिद्धांतापर्यंत मागे नेतात, आणि गणित जुळतंही (लॉगची बेरीज वाढवणं म्हणजे गुणाकार वाढवणंच), तरी नेटवर्कमध्ये ही कल्पना फ्रँक केली यांनी १९९७ च्या सुमारास आणली आणि आत्ताचा रेट भागिले सरासरी रेट हा शेड्युलरचा नियम डेव्हिड त्से यांच्याकडून, क्वालकॉमच्या एचडीआर या मोबाइल डेटा सिस्टिमच्या निमित्ताने २००० च्या आसपास आला, हे म्हणणं जास्त पटतं.

खरी अडचण माहितीची. एलटीईत फोन चॅनेलचा दर्जा फक्त ४ बिटांत कळवतो, आणि तो आकडा वापरला जाईपर्यंत काही मिलिसेकंद गेलेले असतात. २ गिगाहर्ट्झवर ताशी ६० किमीने जाणाऱ्या फोनचा डॉप्लर (हालचालीमुळे वारंवारतेत पडणारा फरक) साधारण १११ हर्ट्झ येतो, म्हणजे तेवढ्यात चॅनेल बदलूनही जातं. अंदाज जास्त निघाला तर पॅकेट फुकट, कमी निघाला तर क्षमता वाया. म्हणून नुसता रेट न बघता रेट गुणिले पोचण्याची शक्यता बघावी लागते, शिवाय फोनकडून येणाऱ्या होकार-नकारावरून अंदाज सतत वरखाली सरकवतात, एलटीईत नेहमीचं लक्ष्य पहिल्या प्रयत्नात साधारण १०% चुका हे असतं.

इथे एक गोष्ट सहज निसटते. प्रपोर्शनल फेअरच्या सरासरी रेटमध्ये पाठवलेले बिट मोजले तर वेगात जाणाऱ्या युजरची पॅकेटं पडूनही त्याला वाटा मिळाल्याची नोंद होते आणि त्याची पुढची पाळी लांबते, म्हणजे न्याय कागदावरच राहतो. त्यामुळे पोचलेले बिटच मोजायला हवेत.

रांगेच्या लांबीवर चालणारे शेड्युलर (टॅसिउलास आणि एफ्रेमिडीस, १९९२) हा वेगळा प्रवाह, त्यात भर स्थिरतेवर, म्हणजे रांगा अमर्याद वाढू न देण्यावर असतो.