इंग्रजी शब्दयोगी अव्यये : रूढ प्रयोग

इन, ऑन, ऍट, टू, फॉर, विथ यांसारखी, नामाच्या आधी येऊन त्याचा वाक्यातील इतर शब्दांशी संबंध दाखवणारी अव्यये. मराठीत हे काम नामाला मागून लागणारे विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात. जुन्या इंग्रजीतही नामांना विभक्ती होत्या. अकराव्या-बाराव्या शतकांपासून त्या झपाट्याने झिजल्या आणि त्यांचा बराच भार या छोट्या शब्दांवर आला. म्हणूनच एकेका अव्ययाला अनेक अर्थ आहेत, आणि कोणत्या क्रियापदाशी वा विशेषणाशी कोणते अव्यय जुळते हे पुष्कळदा रूढीच ठरवते.

मराठी भाषकांच्या चुका अडाणीपणाच्या नसतात. त्यांमागे मराठीचा पक्का नियम असतो. 'त्याच्यावर रागावली' यातला 'वर' 'अँग्री ऑन हिम' घडवतो. इंग्रजीत 'अँग्री विथ हिम' म्हणतात. 'डॉक्टरशी लग्न' यावरून 'मॅरीड विथ' येते, हवे असते 'मॅरीड टू'. 'विषयी चर्चा करणे' यामुळे 'डिस्कस अबाउट' रुळले आहे. प्रमाण इंग्रजीत 'डिस्कस' थेट कर्म घेते. 'डिस्कशन' या नामापुढे मात्र 'अबाउट' चालते.

सर्वांत चिवट चूक काळाची. मराठी 'पासून' आरंभ आणि कालावधी दोन्हींना लागतो : '2019 पासून', 'दोन वर्षांपासून'. इंग्रजी इथे कटाक्षाने भेद करते. आरंभाला 'सिन्स 2019', कालावधीला 'फॉर टू इयर्स'. 'सिन्स टू इयर्स' हा प्रयोग भारतीय इंग्रजीत सर्रास ऐकू येतो.

स्थळाच्या बाबतीतही मराठी 'मध्ये' पुरेसा नाही. मोटारीत बसलेला माणूस 'इन द कार' असतो, बसमधला किंवा आगगाडीतला सहसा 'ऑन द बस', 'ऑन द ट्रेन'. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्याला बहुधा 'ऑन' लागते. झाडावरचा पक्षी 'इन द ट्री', फळ मात्र 'ऑन द ट्री'.

सुपीरिअर, इन्फीरिअर, सीनियर, ज्युनिअर ही लॅटिनमधली तुलनावाचक रूपे. त्यांच्यापुढे 'पेक्षा'साठी 'दॅन' नव्हे, 'टू' येते.

काही भेद निव्वळ प्रदेशाचे आहेत. ब्रिटनमध्ये 'ऍट द वीकेंड', अमेरिकेत 'ऑन द वीकेंड'. वाक्याच्या शेवटी अव्यय नको, हा आक्षेप इंग्रज कवी जॉन ड्रायडनने 1672 मध्ये आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या भाषेवर घेतला होता. शाळांतून तो नियम म्हणून शिकवला गेला, तरी 'हूम आर यू टॉकिंग टू' अशी रचना इंग्रजीत पूर्वीपासून आहे आणि ती शुद्धच आहे.