गाडीतला शेवटचा गिअर रबराचा असतो

ऑफ-रोड गाडीला मोठे टायर बसवले की पहिले दोन दिवस मालक गाडीभोवती फेऱ्या मारतो आणि तिसऱ्या दिवशी तक्रार सुरू होते: गाडी ओढत नाही. साध्या चढाला पाचवा सोडून चौथा टाकावा लागतो. जागेवरून निघताना क्लच नेहमीपेक्षा जास्त वेळ अर्धवट धरावा लागतो. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं ‘पाचवा की चौथा’ काही केल्या ठरत नाही. इंजिन तेच, इंधन तेच. मग बिघडलं काय?

बिघडलं काहीच नाही. गिअर बदललाय, एवढंच. आणि तो आपण स्वतःच बदललाय.

इंजिनापासून जमिनीपर्यंत जोर पोचतो तो टप्प्याटप्प्याने. आधी गिअरबॉक्स, मग फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी ट्रान्स्फर केस, मग अॅक्सलच्या पोटातली क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी. लोक इथपर्यंत मोजतात आणि थांबतात. पण त्यापुढे आणखी एक टप्पा उरतो, तो म्हणजे खुद्द चाक. अॅक्सल चाकाला मधोमध पिळतो आणि जमिनीला रेटा मिळतो तो टायरच्या कडेला. हातात काठी आडवी धरून नुसत्या मनगटाच्या जोरावर तिच्या टोकाने काहीतरी ढकलून बघा. वीतभर काठीने जे सहज सरकतं, ते हातभर काठीने हलता हलत नाही. मनगटाचा पीळ तेवढाच असतो, काठी लांबलेली असते. टायरची त्रिज्या ही ती काठी.

आकडे घालून पाहू. समजा गाडीला २३५/७०आर१६ मापाचे टायर आहेत. २३५ मिलिमीटर रुंदीच्या ७० टक्के म्हणजे १६४.५ मिलिमीटर ही टायरच्या भिंतीची उंची. ती दोनदा घेऊन त्यात १६ इंची रिम मिळवली की व्यास येतो ७३५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ २९ इंच. त्या जागी ३५ इंची टायर आले. जमिनीवरचा रेटा २९ भागिले ३५ या प्रमाणात घटला, म्हणजे सुमारे १७ टक्के गेला. अॅक्सलचा रेशो मुळात ३.७३ असेल तर आता गाडी अशी वागते, जणू जुन्याच टायरवर कोणी गुपचूप ३.०९ चा संच बसवलाय. त्यात टायरचं वजन वेगळं. त्याच्याकडे नंतर येतो.

३.७३ म्हणजे काय, हे इथे सांगून टाकलेलं बरं. इंजिनाकडून येणाऱ्या लांब शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी पिनियन असतो आणि तो मोठ्या क्राऊनला फिरवतो. पिनियनचे ३.७३ फेरे झाले की क्राऊनचा, आणि सरळ चालताना चाकाचा, एक फेरा. आकडा मोठा तसा जोर जास्त आणि त्याच आरपीएमला वेग कमी. बोलीत मात्र मोठ्या आकड्याच्या रेशोला ‘लो’ म्हणतात आणि लहान आकड्याच्या रेशोला ‘हाय’. या उफराट्या नावांपायी फोनवर भलताच संच मागवणारे कमी नसतील, म्हणून मी आकडाच बोलतो.

आता जुनी चाल परत आणण्याचा हिशेब अगदीच सोपा. जुना रेशो गुणिले नवा व्यास भागिले जुना व्यास. ३.७३ गुणिले ३५ भागिले २९, उत्तर ४.५०. दुकानात ४.५० मागा, बहुधा मिळणार नाही. ४.५६ मिळेल, ४.८८ मिळेल, ४.१० मिळेल. हे आकडे असे तिरके का? सरळ ४.००, ४.५० का नाहीत?

मला हा या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. समजा क्राऊनला ४० दात आणि पिनियनला १०. रेशो बरोबर ४.००. पण मग पिनियनचा प्रत्येक दात आयुष्यभर क्राऊनच्या त्याच चार दातांना भेटत राहणार. एखाद्या दातावर बारीकसा खडबडीतपणा राहिला असेल, तर तो त्याच चार दातांना रोज ओरबाडणार आणि झीज ठरावीक जागीच वाढत जाणार. क्राऊनला एक दात वाढवून ४१ करा. आता ४१ आणि १० यांना एक सोडून सामाईक विभाजकच नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या एकूण एक दाताला पाळीपाळीने भेटतो. झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. ४१ भागिले १० म्हणजे ४.१०. ४१ भागिले ११ म्हणजे ३.७३. ४१ भागिले ९ म्हणजे ४.५६. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८. शाळेत सामाईक विभाजकांचा उपयोग काय म्हणून विचारलं होतं, त्याचं उत्तर गाडीखाली तेलात बुडून फिरत होतं.

तर, गणित ४.५० म्हणतं आणि बाजार ४.५६ किंवा ४.८८ म्हणतो. जवळचा ४.५६ घेऊन मोकळं व्हावं का?

बऱ्याचदा मी एक पायरी पुढचा घ्या म्हणेन, कारण वरचं सूत्र फक्त व्यास पाहतं. ३५ इंची मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठीचा जाड खाचांचा टायर मूळच्या रस्त्यावरच्या टायरच्या जवळपास दुप्पट वजनाचा असू शकतो. चार चाकांवर मिळून ६० किलो वाढले असं धरू. हे ६० किलो डिकीतल्या सामानासारखे नुसते पुढे जात नाहीत, ते फिरतातही. फिरवायला लागणारी ऊर्जा वेगळी मोजावी लागते आणि टायरचं बहुतेक वजन कडेला असल्याने वेग घेताना हे ६० किलो शंभराच्या आसपास भरतात. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो: त्रिज्या वाढली की जडत्व वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणून मोठं चाक फार जड जातं. पहिलं अर्ध खरं आहे. पण मोठं चाक त्याच वेगाला सावकाशही फिरतं आणि तो वर्ग तिथे कापला जातो. जड जातं ते वजन.

शिवाय मोठ्या टायरसाठी गाडी उचललेली असते, वारा जास्त अंगावर घेते. जाड खाचांचं रबर लोळताना जास्त शक्ती खातं. छपरावर रॅक, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) हेही बहुधा पाठोपाठ येतात. यातलं काहीच त्या सूत्रात नाही.

दुसऱ्या बाजूला हायवे आहे. ३.७३ आणि २९ इंची टायरवर, टॉप गिअरचा रेशो ०.८० असेल तर १०० किलोमीटर वेगाला इंजिन सुमारे २,१५० आरपीएमवर फिरतं. नुसते ३५ चे टायर घातले की ते १,७८० वर येतं. ऐकायला छान, कमी आरपीएम म्हणजे इंधनाची बचत! पण तेवढ्या आरपीएमवर वाऱ्याला रेटण्याइतका जोर इंजिनाकडे नसेल तर पाय अॅक्सिलरेटरवर दाबून ठेवावा लागतो, गिअर खाली येतो आणि बचत तिथेच जिरते. ४.५६ ने इंजिन २,१८० च्या आसपास, म्हणजे जवळपास मूळ जागी येतं. ४.८८ ने २,३३०. फरक दीडशे आरपीएमचा. पेट्रोल इंजिनाला जोर सहसा वरच्या आरपीएमवर सापडतो, त्याला ४.८८ मानवेल. टर्बो डिझेल दोन हजारांच्या आगेमागेच भरात असतं, त्याला ४.५६ पुष्कळ झालं. आठ गिअरची नवी ऑटोमॅटिक असेल तर निर्णय आणखी सैल होतो: झेडएफच्या आठ गिअरच्या प्रसिद्ध गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर सुमारे ४.७ आणि आठवा ०.६७ आहे. एवढा पसारा हाताशी असताना थोडी चूक गिअरबॉक्स पोटात घालतो. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला ती चैन नाही.

खडकात मात्र हिशेब वेगळा. तिथे प्रश्न वेगाचा नसून संथपणाचा असतो. पहिला गिअर ४.०, ट्रान्स्फर केसची लो रेंज (तिचा सावकाश पण जोरकस गिअर) २.५ आणि अॅक्सल ३.७३ यांचा गुणाकार ३७.३. याला क्रॉल रेशो म्हणतात. ८०० आरपीएमच्या आयडलवर, म्हणजे पेडलवर पाय नसताना, २९ इंची टायरची गाडी ताशी ३ किलोमीटरने सरकते. ३५ च्या टायरवर तीच ३.६ वर जाते. सपाटीवर अर्ध्या-पाऊण किलोमीटरचा फरक कोणाला जाणवणार? खडकाच्या उतारावर जाणवतो, कारण ब्रेक न दाबता इंजिनाच्या भरवशावर उतरायचं असतं आणि गाडी पुढे पुढे पळते. ४.८८ ने ती २.७ वर येते. तेही पुरत नसेल तर अॅक्सलमध्ये आणखी खोल, म्हणजे मोठ्या आकड्याच्या रेशोकडे जाण्यापेक्षा ट्रान्स्फर केसची लो रेंज बदलावी. हायवेला हात न लावता फक्त खडकातला जोर वाढतो. जीप रँग्लरच्या रुबिकॉन आवृत्तीत कंपनीनेच ४ ची लो रेंज दिली ती याचसाठी.

नवा रेशो काय काय दुरुस्त करत नाही, हे कोणी फारसं सांगत नाही. टायर जमिनीला घट्ट धरून असला तर चाक घसरायच्या आधी किती पीळ सोसावा लागेल ते ठरतं चाकावरचा भार, पकड आणि त्रिज्या यांवर. २९ चं ३५ झालं, म्हणजे चाकाला जोडलेल्या अॅक्सल शाफ्टवर येऊ शकणारा कमाल पीळ सुमारे २० टक्क्यांनी वाढला. तोच पीळ क्राऊन-पिनियनमधून मागे जाताना रेशोने भागला जातो, म्हणून ४.५६ बसवला की लांब शाफ्ट, ट्रान्स्फर केस आणि गिअरबॉक्स यांच्यावरचा ताण जवळपास पूर्वीइतका होतो. क्लचचीही सुटका होते. अॅक्सल शाफ्ट आणि चाकाकडचे जॉइंट मात्र वाढीव ओझं घेऊनच जगतात, आणि मोडायचं ते बहुधा तिथेच मोडतं. जर्मन युनिमॉगने यावर वेगळाच तोडगा काढला: गिअरची एक जोडी थेट चाकाच्या हबमध्ये. त्याला पोर्टल अॅक्सल म्हणतात. पीळ अगदी शेवटी, चाकाशी वाढतो, त्यामुळे आतले शाफ्ट हलके राहतात आणि अॅक्सल चाकाच्या मध्यरेषेच्या वर गेल्याने पोटाखाली उंचीही मिळते.

ब्रेकचंही तेच. डिस्क तेवढीच, काठी लांब. त्याच दाबाला जमिनीवरचा ब्रेकचा जोर १७ टक्के कमी, आणि कोणताही क्राऊन-पिनियन तो परत आणत नाही. स्पीडोमीटर नुसत्या टायरबदलानंतर १०० दाखवत असेल तेव्हा गाडी १२० वर असते. काटा गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवरून चालत असेल तर नवा रेशो त्याला आपोआप बराचसा ताळ्यावर आणतो. चाकांवरच्या सेन्सरवरून चालत असेल तर रेशोचा त्याच्याशी संबंधच नाही, संगणकाला टायरचं नवं माप सांगावं लागतं. आणि माप स्वतः घ्यावं. ३५ छापलेला टायर भाराखाली बहुधा तेवढा भरत नाही. टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा पुढे ढकला, जमिनीवरचं अंतर मोजा, ३.१४ ने भागा.

मग ५.३८ का नको, जोर तर अजून वाढेल? क्राऊन अॅक्सलच्या घरात मावायचा म्हणून त्याचा व्यास ठरलेला असतो. रेशो वाढवायचा तर पिनियनच बारीक करावा लागतो. ३.७३ ला ११ दातांचा पिनियन, ५.३८ ला ८ दातांचा. एका वेळी भार घेणारे दात कमी, गाभा सडपातळ. लहान अॅक्सलमध्ये अति खोल रेशो घालणं म्हणजे सगळं वजन बारक्या हाडावर टाकणं. बारीक पिनियनपर्यंत पोचायला क्राऊन जाडही करावा लागतो, नाहीतर अॅक्सलच्या आत ज्या केसवर तो बसतो ती केस बदलावी लागते. डाना ४४ या जुन्याजाणत्या अॅक्सलमध्ये ३.७३ पर्यंत एक केस आणि ३.९२ पासून पुढे दुसरी. अंदाजपत्रकातून हा खर्च हमखास निसटतो.

फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये संच दोन लागतात, पुढे आणि मागे एकाच रेशोचे. ४.१० आणि ४.११ एवढा फरक चालतो, पण ४.१० आणि ४.५६ अशी जोडी घट्ट जमिनीवर फोर-व्हीलमध्ये टाकली तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि मधला शाफ्ट पिळून निघतो.

क्राऊन आणि पिनियन ही घासून जुळवलेली जोडी असते, एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन चालत नाही. पिनियन किती आत बसवायचा ते पातळ चकत्या घालून ठरवतात, दातांना रंग लावून फिरवतात आणि उमटलेला ठसा दाताच्या मधोमध येतो का ते पाहतात. दातांमधली मोकळीक साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या दोन-तीन पानांएवढी. हे काम घाईचं नाही. बसवल्यावर पहिल्यांदा वीसेक मिनिटं निवांत चालवायची आणि अॅक्सल पूर्ण थंड होऊ द्यायचा, असं दोन-तीनदा. दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही, म्हणून नव्या संचात उष्णता फार होते आणि तेलही जास्त दाब सोसणाऱ्या जीएल-५ प्रतीचंच लागतं. पहिले आठशे किलोमीटर मागे काही ओढायचं नाही. मग तेल काढायचं. त्यात चमचमणारी बारीक भुकटी दिसेल, ती दिसायलाच हवी. बोटाला टोचतील असे कण लागले तर मात्र झाकण उघडायचं आणि ठसा पुन्हा काढायचा.