पार्श्वभूमी : शाळेच्या गुणवत्तेची जबाबदारी कोणाची?

प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवावे, ही शिफारस १८८२ सालच्या हंटर शिक्षण आयोगाची. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९७६ मध्ये घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले, म्हणजे केंद्रही वाटेकरी झाले. खरा गुंता मात्र १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात आहे.

या कायद्याचे आठवे कलम सरकारच्या कर्तव्यांचे, नववे स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे जिल्हा परिषद, महापालिका यांच्या. चांगल्या दर्जाच्या शिक्षणाची हमी देणारे वाक्य दोन्हीकडे तेच आहे. एकच काम दोघांवर टाकले की जाब कोणालाच विचारता येत नाही. आणि 'चांगला दर्जा' म्हणजे काय? कायदा बोट दाखवतो परिशिष्टाकडे. तिथे पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, मैदान, वर्षाला किमान २०० दिवस शाळा. हे सगळे हवेच, पण मुलाला वाचता येते का, हे त्यात कुठेच नाही. इयत्तावार अध्ययन निष्पत्ती, म्हणजे कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवे हे, नियमांत यायला २०१७ साल उजाडले.

त्याच कायद्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत नापास करणे बंद केले. लोकांनी त्याला 'ढकलपास' म्हटले आणि सगळा दोष त्याच्या माथी मारला. हे अन्यायाचे होते. नापास न करण्याबरोबर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे मुलाची वर्षभर सर्व अंगांनी पाहणी, होते, मागे पडलेल्याला पूरक मार्गदर्शन द्यायचे होते. चार इयत्ता एकटा सांभाळणारा, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवणारा आणि ऑनलाइन माहिती भरणारा शिक्षक ते कधी देणार? मग प्रगतिपुस्तकात 'सुधारणा आवश्यक'पुढे 'वाचनाचा सराव हवा' असे लिहिले जाते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

२०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने ती २०२३ मध्ये स्वीकारली. आता नापास मुलाला जादा मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यायची, तीतही उत्तीर्ण झाला नाही तर तो त्याच वर्गात. आपल्याकडे निकाल मेच्या सुरुवातीला लागतो, शाळा जूनच्या मध्यावर उघडते. म्हणजे वर्षभरात जे शिकवून झाले नाही, ते ऐन उन्हाळी सुट्टीत भरून काढायचे.