कामयादी ॲपांचे समक्रमण

दोन किंवा अधिक कामयादी ॲपांत नोंदवलेल्या कामांची शीर्षके, मुदती आणि पूर्ण-अपूर्ण स्थिती एकमेकांशी जुळती ठेवण्याची पद्धत. बोलताना तिला सिंक असेच म्हणतात. एका ॲपमधील यादी दुसऱ्यात एकदा आयात करून हे काम संपत नाही. एका बाजूला झालेला बदल ओळखून तो दुसऱ्या बाजूला पोचवणारी यंत्रणा सतत चालू राहावी लागते. पूर्वी अशी यंत्रणा प्रोग्रॅमरकडून लिहून घ्यावी लागे. आता लो-कोड स्वयंचलन साधनांत पडद्यावर चौकटी मांडून आणि त्या रेषांनी जोडून ती बहुतांशी कोड न लिहिता उभारता येते. नागपुरात कर सल्लागार, वकील, संत्र्यांचे व्यापारी यांची अनेक कार्यालये मोजक्या माणसांवर चालतात. अशा ठिकाणी प्रत्येक जण आपल्या सवयीचे ॲप वापरतो आणि सर्वांनी एकच ॲप घ्यावे हा नियम फार काळ टिकत नाही, म्हणून तेथे या पद्धतीला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी : रिमेंबर द मिल्क हे ॲप २००५ मध्ये आणि टूडूइस्ट २००७ मध्ये सुरू झाले, गूगल टास्क्सचे स्वतंत्र मोबाइल ॲप २०१८ मध्ये आले. कामांच्या नोंदींसाठी सामाईक प्रमाण नव्हते असे नाही. २००९ च्या आयकॅलेंडर प्रमाणात कामासाठी स्वतंत्र घटक आहे, परंतु लोकप्रिय ॲपांनी तो मुख्य आधार न मानता आपापले एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमने ॲपशी माहितीची देवाणघेवाण करण्याचे ठरलेले मार्ग, तयार केले, आणि त्यामुळे दोन ॲपांमध्ये दुभाष्या आवश्यक ठरला. झॅपियर (२०११) आणि एनएटएन (n8n, २०१९) ही साधने तो दुभाष्या पुरवतात. लो-कोड ही संज्ञा २०१४ पासून रूढ झाली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलेले वंडरलिस्ट हे ॲप मे २०२० मध्ये बंद झाले; ज्यांची कामे केवळ एकाच ॲपमध्ये होती त्यांना ती दुसरीकडे हलवावी लागली.

उपयोगाचे स्वरूप : नागपूरच्या धरमपेठेतील किंवा रामदासपेठेतील एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयाचे उदाहरण घेता येईल. रक्कम देतानाच कापून घेतलेला प्राप्तिकर, म्हणजे टीडीएस, सामान्यतः पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो. जीएसटीचे मासिक विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणाची मुदत ११ तारखेची आणि जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या सारांश विवरणाची २० तारखेची असते. इतवारीतील शंभर व्यापाऱ्यांची खाती सांभाळणाऱ्या कार्यालयात याच तीन तारखांची दरमहा तीनशे कामे होतात. मुख्य सल्लागार ती टूडूइस्टमध्ये मांडतात, तर दिवसभर जीमेलमध्ये असलेले साहाय्यक त्याच्याच शेजारी उघडणारे गूगल टास्क्स वापरतात. शासनाने ऐनवेळी मुदतवाढ दिली की सर्व नोंदींची तारीख बदलावी लागते, आणि एका यादीत बदललेली तारीख दुसरीत जुनीच राहिली तर कोणती खरी हे विचारण्यात वेळ जातो. समक्रमणाची खरी गरज येथे आहे. नवे काम दोन ठिकाणी लिहिण्याचे कष्ट वाचणे हा त्यामानाने लहान लाभ होय.

बदल कळण्याचे दोन मार्ग आहेत. टूडूइस्ट वेबहुक देते, म्हणजे काम बदलताच ते ॲप स्वतःहून साधनाला संदेश पाठवते. गूगल टास्क्सच्या एपीआयमध्ये ही सोय नाही, त्यामुळे तेथे ठरावीक अंतराने जाऊन अमुक वेळेनंतर काय बदलले असे विचारावे लागते. दर मिनिटाला विचारल्यास दिवसाला १,४४० फेऱ्या होतात. सकाळी १० ते सायंकाळी ७ या वेळेत दर पंधरा मिनिटांनी विचारल्यास ३६ पुरतात. काही सेवा फेरीगणिक, तर काही फेरीतील प्रत्येक पायरीगणिक आकारणी करतात, म्हणून हा फरक थेट खर्चात उतरतो. विवरणांच्या मुदतींसाठी पंधरा मिनिटांचा विलंब पूर्णपणे चालण्याजोगा आहे.

कामाची ओळख : समक्रमणाचा पाया म्हणजे जोडनोंद. टूडूइस्टमधील एका कामाचा क्रमांक आणि गूगल टास्क्समधील त्याच कामाचा क्रमांक एका तक्त्यात शेजारी लिहून ठेवावे लागतात. हा तक्ता न ठेवता केवळ शीर्षक जुळवून काम ओळखण्याचा मोह नवशिक्यांना होतो आणि मराठीत तो लगेच अंगाशी येतो. ‘दुसऱ्या तिमाहीचे विवरण’ या शीर्षकातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, दोन प्रकारे लिहिले जाते : एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी शीर्षके वाटतात. एकाने फोनवर आणि दुसऱ्याने संगणकावर टंकलेले तेच काम त्यामुळे यादीत दोनदा येते. शिवाय नागपूरच्या कार्यालयांत तेच काम कोणी मराठीत, कोणी हिंदीत लिहितो, आणि तेथे शीर्षक जुळण्याची आशाच नसते.

पूर्ण झालेल्या कामांबाबत आणखी एक अडचण येते. गूगलच्या स्वतःच्या ॲपमध्ये पूर्ण केलेले काम एपीआयच्या दृष्टीने लपवलेले असते, आणि लपवलेली कामे दाखवा असे स्पष्टपणे मागितल्याखेरीज ते यादीत येत नाही. ही निवड राहून गेली तर साधनाला ते काम हटवलेले दिसते, आणि हटवलेले पुन्हा निर्माण करण्याची सूचना वर्कफ्लोमध्ये, म्हणजे साधनात मांडलेल्या पायऱ्यांच्या साखळीत, असेल तर साहाय्यकाने पूर्ण केलेले विवरण दर फेरीला नव्याने उगवते.

तारीख आणि वेळ : भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. २० जुलैची मध्यरात्र, म्हणजे त्या दिवसाचा आरंभ, जागतिक वेळेनुसार १९ जुलैच्या सायंकाळी साडेसहाला येतो. गूगल टास्क्सचे एपीआय मुदतीतील वेळ टाकून देऊन केवळ तारीख ठेवते, त्यामुळे जागतिक वेळेत नोंदलेली मुदत भारतीय तारखेत रूपांतर न करता पाठवली तर २० तारीख तेथे १९ म्हणून पोचते. स्वतःच्या संगणकावर बसवलेल्या एनएटएनमध्ये मूळ कालक्षेत्र न्यूयॉर्कचे असते. ते बदलले नाही तर सकाळी आठला ठरवलेली फेरी नागपुरात उन्हाळ्यात सायंकाळी साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला चालते, म्हणजे दिवसाची कामे कार्यालय सुटताना हाती येतात.

वेळ टाकून देण्याचा आणखी गंभीर परिणाम दुहेरी, म्हणजे दोन्ही दिशांनी बदल नेणाऱ्या, समक्रमणात दिसतो. टूडूइस्टमध्ये ‘२० तारीख, दुपारी ३’ अशी मुदत असेल तर गूगलकडे फक्त २० पोचते. पुढील फेरीत साधनाला दोन्हींत फरक दिसतो, ते गूगलकडील नोंद नवी समजते आणि टूडूइस्टमधील दुपारची वेळ पुसून टाकते. त्यामुळे जी माहिती ठेवायला एका बाजूला जागाच नाही, ती त्या बाजूकडून कधीही परत घेऊ नये. प्राधान्यक्रमालाही हेच लागू आहे. टूडूइस्टच्या पडद्यावरील पहिला, सर्वांत तातडीचा क्रम एपीआयमध्ये ४ असा येतो, आणि गूगल टास्क्सच्या एपीआयमध्ये प्राधान्यक्रमासाठी रकानाच नाही.

दरमहा येणारी कामे स्वतंत्रपणे हाताळावी लागतात. टूडूइस्टमध्ये आवर्ती काम पूर्ण केले की तेच काम, त्याच क्रमांकासह, पुढील तारखेला सरकते. दुसऱ्या बाजूची जुनी नोंद बंद करून नवी नोंद तयार करणे आणि जोडतक्त्यात तिचा क्रमांक घालणे ही तीनही पावले एकाच फेरीत झाली नाहीत तर ऑगस्टचे विवरण जुलैच्या बंद नोंदीला जोडलेले राहते आणि साहाय्यकाच्या यादीत ते दिसतच नाही.

दुहेरी समक्रमणात चक्र निर्माण होण्याचा धोकाही असतो : साधनाने स्वतः केलेला बदलच त्याला नवा बदल वाटतो आणि तो पुन्हा मूळ बाजूला पाठवला जातो. शेवटी पाठवलेला मजकूर तक्त्यात जपून, आलेला मजकूर त्याच्याशी सारखा असल्यास फेरी तेथेच थांबवणे हा यावरचा साधा आणि भरवशाचा उपाय आहे. तरीही लहान कार्यालयाने पूर्ण दुहेरी समक्रमणाचा आग्रह धरू नये. शीर्षक आणि मुदत सल्लागाराकडून साहाय्यकाकडे जावी, पूर्ण झाल्याची खूण तेवढी उलट दिशेने यावी, एवढी विभागणी केली तरी वरीलपैकी बहुतेक अडचणी मुळातच उद्भवत नाहीत.

साधन कोठे चालवावे : अशिलांची नावे आणि करविषयक तपशील परक्या सर्व्हरवरून जाऊ नयेत म्हणून कार्यालये साधन आपल्याच संगणकावर बसवतात, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानंतर हा विचार अधिक गांभीर्याने होणे योग्यच आहे. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना वीज गेली की तो संगणकही बंद पडतो. अशा वेळी आलेला वेबहुक पुन्हा पोचेलच याची खात्री नसते, तर ठरावीक अंतराने विचारणारी फेरी वीज आल्यावर मागच्या वेळेपासूनचे सर्व बदल उचलते. म्हणून अशा मांडणीत वेबहुकवर एकट्यावर विसंबू नये. साधनाला गूगल टास्क्स वाचण्या-बदलण्याची परवानगी देतानाही एक बाब तपासावी लागते. या जोडणीसाठी कार्यालयाने गूगलकडे स्वतः नोंदवलेला प्रकल्प चाचणी अवस्थेत ठेवला तर दिलेली परवानगी सात दिवसांनी संपते आणि चांगले चाललेले समक्रमण दुसऱ्या आठवड्यात कोणतीही सूचना न देता थांबते. प्रकल्प प्रकाशित अवस्थेत नेल्यावर ही सात दिवसांची मर्यादा उरत नाही, आणि फेरी अयशस्वी झाल्यास ईमेल पाठवणारा वेगळा वर्कफ्लो एनएटएनमध्ये जोडता येतो.